पांढरी आणि काळी

खटाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराचे माळवद यंदाच्या पावसात खचले. दादा म्हणाले, "आता पाडूनच टाकू. माती रानात तरी पडेल." बोलणे व्यवहाराचे होते, परंतु मला त्या मातीचा इतिहास आठवू लागला.

सातारा आणि १९४९ साली त्यातून 'दक्षिण सातारा' म्हणून निराळा झालेला, १९६० पासून सांगली म्हटला जाणारा, हा सारा मुलूख गावाची जमीन दोन नावांनी ओळखी : पिकाची ती काळी, राहण्याची ती पांढरी. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने कुटुंबाला १६० एकर जमीन मिळे, ती तिथेच राहण्याच्या अटीवर. म्हणून तिकडची घरे शेतोशेती विखुरली. आमच्याकडे लुटारूंचे भय, पाण्याची टंचाई आणि बलुतेदारांची गरज यांनी घरे भिंतीला भिंत लावून बसविली.

पाटण-जावळीच्या पावसात छपरे उतरती; माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात माळवद. तुळयांवर फळ्या वा काटक्या, त्यांवर माती आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. ही माती पडक्या गढीतून, ओसाड वस्तीतून आणीत. म्हणजे एका पडलेल्या घरावर दुसरे उभे राही, पण पांढरीची माती पांढरीतच फिरे.

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे इकडे आला, तेव्हा माणसे रानात झोपड्या घालून राहिली. पण साथ ओसरताच परतली. कायमचे बाहेर नेले ते विहिरीवरच्या इंजिनाने आणि मागाहून विजेच्या मोटारीने. रात्री येणाऱ्या विजेवर पाणी पाजायचे, तर घर उसाजवळच हवे. दादांची वस्तीही अशीच झाली.

मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहायला लोक दुरून येतात. आमच्यासारख्या कुणब्याच्या घराची मात्र कुठे नोंद नाही. ते पडले की मागे काहीच उरत नाही.

म्हणून मी दादांकडे एक दिवस मागितला. सोपा, माजघर, बळद, परड्यातला आड, सारे मोजून वहीत उतरविले. आधी हसलेल्या दादांनीच टेपचे दुसरे टोक धरले; कोणत्या खोलीत कोण जन्मले, हेही त्यांनीच सांगितले. मग माती गाडीत भरली.

ज्यांची घरे अजून उभी आहेत, त्यांनी या दिवाळीत गावी गेल्यावर एवढे अवश्य करावे.