ऑर्किड संवर्धनातील अकार्बनी माध्यमे

ऑर्किड संवर्धनातील अकार्बनी माध्यमे : कुंडीत ऑर्किडाच्या (आमरीच्या) रोपाला आधार मिळावा व त्याच्या मुळांना पाणी आणि हवा यांचा पुरवठा व्हावा, यासाठी वापरले जाणारे खनिज स्वरूपाचे, न कुजणारे पदार्थ. विटांचे व खापरांचे तुकडे, खडी, प्यूमिस, लाव्हा खडक, फुगविलेल्या चिकणमातीच्या गोळ्या, पर्लाइट व खनिज लोकर यांचा त्यांत समावेश होतो. लोणारी कोळसा मूलतः वनस्पतिजन्य असला, तरी तो कुजत नसल्याने व्यवहारात याच गटात धरतात. घरगुती ऑर्किड संवर्धनात यांपैकी बरीच माध्यमे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. त्यांमागील तत्त्व पूर्णपणे उमगण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला आणि त्या अवधीत असंख्य वनस्पतींचा नाश झाला.

मुळांचे स्वरूप : उष्ण कटिबंधातील बहुसंख्य ऑर्किडे अपिवनस्पती आहेत. ती झाडाच्या सालीचा केवळ आधार घेतात. तिच्यातून अन्नरस शोषीत नाहीत. त्यांच्या मुळांवर मृत कोशिकांचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे व दवाचे पाणी ते त्वरित शोषून घेते आणि पाऊस थांबताच वाऱ्याने सुकू लागते. अशी मुळे मातीत किंवा सतत चिंब राहणाऱ्या कुजक्या पदार्थांत गाडली गेल्यास त्यांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही व ती सडतात. ऑर्किडांना जीवोपजीवी मानण्याची चूक अनेक देशांत झाली. व्हँडा हे प्रजातिनाम ज्या ‘वंदा’ या संस्कृत शब्दावरून पडले, तो शब्द अपिवनस्पती व बांडगूळ या दोहोंना लावला जाई. मराठीतही झाडावर वाढणाऱ्या अशा वनस्पतींना सरसकट बांडगूळ म्हणण्याचा प्रघात आढळतो.

आरंभीचे प्रयत्न : इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशांतील ऑर्किडांची लागवड अठराव्या शतकात सुरू झाली. हॅक्नी येथील लॉडिजिस यांच्या रोपवाटिकेने १८१२ च्या सुमारास त्यांची व्यापारी लागवड हाती घेतली. १८१८ मध्ये विल्यम कॅटली यांच्याकडे ब्राझीलमधून आलेल्या एका ऑर्किडाला फुले आली. जॉन लिंडली यांनी त्याला कॅटलिया हे प्रजातिनाम दिले. त्यानंतर धनिक वर्गात ऑर्किडांचे वेड पसरले. परंतु ही रोपे बंदिस्त, अतिउष्ण काचगृहांत ठेवीत. कुंड्यांत माती, पानांचे खत किंवा कुजके लाकूड भरीत आणि त्या कुंड्या कातडी कमावण्यासाठी वापरून झालेल्या सालीच्या गरम थरात पुरून ठेवीत. उष्ण प्रदेश म्हणजे सर्वत्र उष्ण, दमट व अंधारे अरण्य, ही समजूत या पद्धतीच्या मुळाशी होती. परिणामी आयात केलेली बहुसंख्य रोपे अल्पावधीत मरत. इंग्लंड ही उष्ण कटिबंधीय ऑर्किडांची दफनभूमी होय, असे त्या काळाविषयी म्हटले गेले.

सर जोझेफ बँक्स यांनी रोपे डहाळ्यांच्या टोपल्यांत शेवाळीसह लावून पाहिली. चॅट्सवर्थ येथील उद्यानप्रमुख जोझेफ पॅक्स्टन यांनी १८३० नंतरच्या दशकात काचगृहांतील उष्णता कमी करून हवा खेळती ठेवली. त्यांच्या संग्रहासाठी जॉन गिब्सन यांनी भारतातील खासी टेकड्यांतून ऑर्किडे गोळा करून १८३७ मध्ये इंग्लंडला नेली. तथापि मरणाऱ्या रोपांच्या जागी नवी रोपे आणण्याचा व्यापार पुढेही चालूच राहिला. ॲल्बर्ट मिलिकन यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात कोलंबियातील एका मोहिमेचा हिशेब दिला आहे : सुमारे १०,००० ऑर्किडे मिळविण्यासाठी सुमारे ४,००० झाडे तोडण्यात आली. कुंडीतील चुकीची किंमत अशा रीतीने दूरच्या अरण्यांना द्यावी लागली.

खापरांचा थर : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंडीचा बराचसा भाग फुटक्या खापरांनी भरून त्यावर तंतुमय पीट व स्फॅग्नम शेवाळी यांचा थर देण्याची पद्धत रूढ झाली. रोपाचे पोषण वरच्या कार्बनी थरातून होते व खापरे केवळ पाण्याच्या निचऱ्यासाठी असतात, असे मानले जाई. वस्तुतः मुळांना हवा पुरविण्याचे मुख्य कार्य या खापरांकडेच होते. ऑर्किडांच्या कुंडीत अकार्बनी माध्यमाचा शिरकाव अशा तऱ्हेने आधीच झाला होता. त्याचे महत्त्व तेवढे ओळखले गेले नव्हते.

पुढे ऑस्मुंडा या नेच्याच्या मुळांचे तंतू लोकप्रिय झाले. ते चिवट, सच्छिद्र व सावकाश कुजणारे असल्याने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत त्यांचा मोठा वापर होता. मात्र ते दलदलीतील रानटी नेचे खणूनच मिळत. ते दुर्मिळ व महाग होऊ लागल्यावर १९५० नंतर फर वृक्षाच्या सालीचे तुकडे पुढे आले. साल स्वस्त होती, पण तिच्यावर वाढणारे सूक्ष्मजीव नायट्रोजन वापरून टाकीत. शिवाय काही वर्षांत तिचा भुगा होऊन हवेच्या पोकळ्या बुजत व रोप पुन्हा नव्या सालीत लावावे लागे.

शास्त्रीय आधार : यूलिउस झाक्स व व्हिल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास वनस्पती मातीशिवाय, केवळ लवणांच्या विद्रावात वाढविता येतात हे दाखविले. १९२२ मध्ये ल्यूइस नडसन यांनी ऑर्किडांचे बी कवकाच्या मदतीशिवाय, लवणे व शर्करा घातलेल्या आगरवर रुजविले. डब्ल्यू. एफ्. गेरिक यांनी कॅलिफोर्नियात १९२९ पासून मृदाविरहित लागवडीचा व्यावहारिक पाठपुरावा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने असेन्शन बेटावर खडीच्या वाफ्यांत भाजीपाला पिकविला. या सर्व कार्यातून एक गोष्ट निश्चित झाली : माध्यमाने पोषण केलेच पाहिजे असे नाही, आधार, ओलावा व हवा एवढे त्याच्याकडून मिळाले, तर पोषकद्रव्ये पाण्यातून देता येतात.

माध्यमांचे प्रकार : चिकणमाती अथवा शेल खडक फिरत्या भट्टीत सुमारे १,१००° ते १,२००° से. तापमानास तापविल्यास आत निर्माण होणाऱ्या वायूंमुळे फुगतो व हलका, सच्छिद्र होतो. स्टीफन हेड यांना १९१८ मध्ये अमेरिकेत या प्रक्रियेचे पेटंट मिळाले. हा पदार्थ मुळात हलक्या काँक्रीटसाठी होता. घरातील रोपांसाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला. पर्लाइट ही पाणी धारण करणारी ज्वालामुखी काच असून ती तापविल्यास अनेक पटींनी फुगते. खनिज लोकरीचा लागवडीतील वापर १९७० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये सुरू झाला. ती पाणी पुष्कळ धरते, म्हणून ऑर्किडांसाठी तिच्यात बहुधा पर्लाइट मिसळतात.

१९९० नंतर अर्धजलसंवर्धन ही पद्धत हौशी लोकांत पसरली. तीत कुंडीच्या बाजूला, तळापासून सुमारे अडीच-तीन सेंमी. उंचीवर छिद्रे असतात. त्यांखाली विद्राव साठतो आणि केशाकर्षणाने गोळ्यांमधून वर चढतो. गोळ्यांमधील मोठ्या पोकळ्यांत हवा राहते. जुन्या माध्यमात वाढलेली मुळे या परिस्थितीशी सहसा जुळवून घेत नाहीत. म्हणून नवी मुळे फुटू लागताच स्थलांतर करणे इष्ट असते. अकार्बनी माध्यमांत स्वतःची पोषकद्रव्ये जवळजवळ नसतात. त्यामुळे सौम्य खत नियमित द्यावे लागते आणि साचणारी लवणे अधूनमधून भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन काढावी लागतात.

उष्ण प्रदेशांतील परंपरा : सिंगापूर व मलाया येथे विटांचे तुकडे व कोळसा यांच्या साहाय्याने ऑर्किडे वाढविण्याची पद्धत रुळली. महाराष्ट्र व गोव्यातही घरोघरच्या हौशी लोकांत हेच पदार्थ, कधी नारळाच्या सोडणाच्या जोडीने, बाजूंना भोके असलेल्या मातीच्या कुंड्यांत वापरले जातात. कोकणातील दीर्घ पावसाळ्यात सोडण लवकर कुजते. विटांचे तुकडे व कोळसा मात्र टिकतात. सह्याद्रीत झाडांवर वाढणाऱ्या सीतेच्या वेणीची लोंबणारी जाड मुळे पाहिल्यास या पद्धतीचे मर्म सहज ध्यानात येते.

मूल्यमापन : रानटी ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ मध्ये अमलात आलेल्या करारान्वये निर्बंध आहेत. वृक्षनेच्यांच्या अनेक जातींनाही तो लागू आहे. जे तंतू, पीट व शेवाळी निसर्गातून काढावी लागतात, त्यांना टिकाऊ व धुऊन पुन्हा वापरता येणारी अकार्बनी माध्यमे हा एक पर्याय ठरतो. मात्र फुगविलेली माती व खनिज लोकर यांच्या निर्मितीस बरेच इंधन खर्ची पडते. कोणतेही माध्यम स्वतः श्रेष्ठ नसते. पाणी घालण्याची रीत, हवामान व मुळांचा प्रकार यांवर त्याची निवड अवलंबून असते. ऑर्किडाचे मूळ मातीचे नव्हे, तर हवेचे आहे, हे ध्यानात ठेवून केलेली निवडच यशस्वी होते.