उण्होदक : उन्हेऱ्याची कुंडे आणि स्नानाचा बौद्ध विचार

लोणावळ्यानजीकचे भुशी हे गाव आज तेथील धरणामुळे सर्वपरिचित आहे. इंद्रायणीच्या प्रवाहावरील हे धरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाल्यानंतर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधण्यात आले. ती इंजिने गेली. धरण राहिले, आणि पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून कोसळणाऱ्या पाण्यात न्हाण्यासाठी हजारो माणसे येऊ लागली. भुशीच्या पठारावरचे पाणी मात्र थंड. उष्ण पाण्याच्या शोधात निघालेल्या माणसाला घाट उतरूनच जावे लागते. भुशीवरून कोराईगडाच्या अंगाने तेलबैल्यास जावे, वाघजाईच्या घाटाने ठाणाळ्यास उतरावे आणि नाडसूरवरून सुधागड तालुक्यातील पाली गाठावी. पालीपासून थोड्याच अंतरावर उन्हेरे येथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत. शेजारी विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे. सांधेदुखी आणि त्वचेचे विकार घेऊन आलेली आसपासची माणसे तेथे अंग शेकतात. साधे, खेडवळ असे हे स्थान आहे. या वाटेचा आणि या पाण्याचा बौद्ध इतिहासाच्या दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाकडे पाहू. संस्कृत ‘उष्ण’ या शब्दाचे पालि आणि प्राकृत रूप ‘उण्ह’ असे आहे. गरम पाण्याला पालि भाषेत ‘उण्होदक’ म्हणतात. मराठीतील ‘ऊन’ आणि ‘उन्हाळा’ हे शब्द त्याच कुळातले. रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे, राजापूरनजीकचे उन्हाळे या तिन्ही ठिकाणी गरम झरे आहेत आणि तिन्ही नावांत तेच ‘उण्ह’ टिकून आहे. ‘स्नान’ या शब्दाचेही तसेच. पालित तो ‘नहान’ होतो. आपल्या घरात आजही न्हाणीघर असते. पाली या गावाचे नाव आणि पालि ही भाषा यांची सांगड मात्र केवळ उच्चारसाम्यावरून घालू नये.

आता वाटेवरील लेणी. ठाणाळ्याचा लेणीसमूह इसवी सनापूर्वीच्या शतकांत कोरण्यास आरंभ झालेल्या प्राचीन समूहांपैकी एक होय. चैत्यगृह, विहार आणि स्मारकस्तूपांचा मेळावा असे त्याचे स्वरूप आहे. जवळच खडसांबळ्याची लेणी आहेत. हेन्री कझेन्स यांनी या दोन्ही समूहांचा वृत्तान्त १८९१ साली प्रसिद्ध केला. आणखी दक्षिणेस महाडजवळ गांधारपाले येथे लेणी आहेत आणि त्याच सावित्रीच्या खोऱ्यात सव येथे गरम झरे आहेत. उन्हवऱ्याच्या परिसरात पन्हाळेकाजीची लेणी आहेत. तीन ठिकाणी उष्ण झरा आणि बौद्ध लेणी एकमेकांच्या जवळ आढळतात.

एवढ्यावरून ‘ही कुंडे मूळची बौद्ध होत’ असे विधान करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. कोकणातील उष्ण झरे सह्याद्रीच्या पायथ्याशी, जमिनीतील भेगांच्या रांगेने, पालघरपासून राजापूरपर्यंत पसरले आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून खोलवर मुरते, पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने तापते, खडकांतील क्षार विरघळवून घेते आणि पुन्हा वर येते. लेणी कोरली गेली ती वेगळ्या कारणाने : खाडीवरील बंदरांतून घाटमाथ्याकडे जाणारे व्यापारी मार्ग ज्या खोऱ्यांतून जात, तेथे उपासकांचे दान मिळे आणि भिक्षूंना वर्षावासाची सोय होई. झरे भेगांच्या मागे गेले, लेणी मार्गांच्या मागे गेली. दोहोंची भेट या खोऱ्यांत झाली. सान्निध्य हा पुरावा नव्हे. आपला वारसा सिद्ध करण्यासाठी कोणाच्या कुंडावर हक्क सांगण्याची गरजही नाही. तो वारसा विनयपिटकात आणि शिलालेखांत स्पष्टपणे नोंदलेला आहे.

बौद्ध वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध उष्ण झरा म्हणजे राजगृहाचा तपोदा. आयुष्मान समिद्धी पहाटे उठून तेथे अंग धुण्यास गेल्याचा प्रसंग मज्झिमनिकायात आहे. हे पाणी नरकांमधून वाहत येते म्हणून उष्ण असते, अशी समजूतही विनयपिटकात नोंदलेली आहे. सातव्या शतकात ह्यू-एन-त्संग या चिनी यात्रिकानेही राजगृहाच्या उष्ण झऱ्यांचे वर्णन केले. परंतु तपोदाशी निगडित असलेला विचारप्रवर्तक प्रसंग पाचित्तिय नियमांच्या कथेत येतो. मगधराज बिंबिसार तेथे स्नानासाठी गेला असता भिक्षू न्हात होते. राजाने त्यांना उठविले नाही. तो बाजूला थांबला. भिक्षू अंधार पडेपर्यंत न्हात राहिले. राजाचे स्नान होईतो नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र नगराबाहेर काढावी लागली. दुसऱ्या दिवशी हे कळताच भगवंतांनी, राजाला पाहूनही प्रमाण न जाणता न्हात राहिलेल्या भिक्षूंची निर्भर्त्सना केली आणि पंधरवड्यातून एकदाच स्नान करावे असा नियम घातला. पुढे उन्हाळा, आजार, श्रमाचे काम, प्रवास, वारापाऊस असे अपवाद त्याला जोडण्यात आले.

या कथेत पाणी अपवित्र झाले असे कोणीही म्हणत नाही. राजा आणि भिक्षू यांचे पाणी एकच आहे. दोष आहे तो दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याचा. जंताघर म्हणजे उष्ण स्नानगृह. जीवक वैद्याच्या सूचनेवरून भगवंतांनी त्याला अनुमती दिली. तेथील आचारही याच दिशेचे आहेत. थेरांना खेटून बसू नये, नवख्या भिक्षूंना आसनावरून हटवू नये, शेवटी जाणाऱ्याने चिखल झालेली जागा धुऊन जावी.

दुसरा प्रसंग थेट आपल्या प्रदेशाशी संबंधित आहे. अवंतीतील कुररघराहून आलेल्या सोण कुटिकण्ण या भिक्षूने महाकच्चान थेरांच्या वतीने भगवंतांपुढे काही विनंत्या मांडल्या. त्यांपैकी एक अशी की, अवंती-दक्षिणापथातील माणसे स्नानाला फार महत्त्व देतात, पाण्याने शुद्धी होते असे मानतात. म्हणून तेथे वारंवार स्नानाची मोकळीक असावी. भगवंतांनी मध्यदेशाबाहेरील प्रत्यंत जनपदांसाठी ती मान्य केली. महाराष्ट्र या मर्यादेबाहेरच येतो. म्हणजे मावळातील आणि कोकणातील भिक्षूंना पंधरवड्याची अट नव्हती. पाण्याने पाप धुतले जाते ही कल्पना मात्र भगवंतांनी मान्य केली नाही. थेरीगाथेतील पुण्णा, जी पाणी भरणारी दासी होती, थंडीत कुडकुडत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला हाच प्रश्न विचारते : तसे असते तर बेडूक-कासवांनाही स्वर्ग मिळाला असता. लोकांची सवय स्वीकारली, तिच्यामागचा भ्रम स्वीकारला नाही. धम्माच्या प्रसाराची ही रीत अभ्यासकांनी लक्षात घ्यावी.

लेण्यांतील पाण्याच्या व्यवस्थेकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. भाजे येथे एका टाक्यावरील लेखात महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. बेडसे येथील टाक्यावर महारठिनी सामडिनिका या स्त्रीचे दान कोरलेले आहे. महाडजवळ गांधारपाले येथे कुमार काणभोअ व्हेणुपालित याने लेणे आणि चैत्यगृहाबरोबर पाण्याच्या पोढ्याही दिल्या. राजकुळातील पुरुष आणि स्त्रिया पाणी दान करीत होते, आणि ते ज्या संघाला देत होते त्यात दाखल होताना कुळ व जात मागे राहत असे.

त्याच महाडात पुढे काय घडले हे वाचकांस सांगावयास नको. तरी कालक्रम ध्यानात ठेवावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो स्वीकारला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निर्णय १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी लागला. तळे गांधारपाल्याच्या डोंगरापासून फार दूर नाही. ज्या परिसरात पाणी दान म्हणून दगडात कोरले गेले, तेथेच ते मागण्यासाठी माणसांना मार खावा लागला. चवदार तळ्याच्या लढ्याचा बौद्ध इतिहासाशी असलेला संबंध केवळ १९५६ च्या धम्मदीक्षेपासून मोजू नये, असे यावरून वाटते.

आजचा प्रश्न थोडा निराळा आहे. कायद्याने पाणवठे सर्वांना खुले आहेत. परंतु प्रमाण जाणण्याचा धडा शिल्लक आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा दुर्घटनांनंतर प्रशासन निर्बंध घालते आणि ते आवश्यकही आहेत. परंतु पाण्याचा वेग, स्वतःची मर्यादा आणि मागे थांबलेला माणूस या तिहींचे भान बाहेरून लादता येत नाही. तपोदावरील कथेचा भर नेमका या भानावर आहे.

विहारांतून आणि महाविद्यालयांतून कार्ले-भाज्याच्या सहली पुष्कळ निघतात. त्या लेण्यांच्या दारातून परत फिरतात. एखादी सहल घाट उतरून ठाणाळे, उन्हेरे आणि गांधारपालेमार्गे चवदार तळ्यापर्यंत न्यावी. विद्यार्थ्यांनी वाटेतील टाकी मोजावीत, त्यांवरील लेख वाचावेत, कोणती बुजली आहेत याची नोंद करावी. उन्हेऱ्यास पोहोचल्यावर अवश्य न्हावे. मात्र कुंडावर कोणी वृद्ध आपली पाळी येण्याची वाट पाहत असेल, तर त्यास आधी उतरू द्यावे आणि निघताना जागा धुऊन काढावी.