स्तूप, मूर्ती आणि तसबीर : बोरघाटाच्या वाटेवरील दृष्टीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या समाप्तीनंतर पनवेल येथील उपासक-उपासिकांसमवेत आम्ही कार्ल्याच्या लेण्यांना भेट दिली. चैत्यगृहात त्रिसरण-पंचशीलाचे ग्रहण झाले. त्यानंतर सर्वजण स्तूपासमोर उभे असता एका वृद्ध उपासिकेने आम्हांस हळूच विचारले, "सर, एवढं मोठं लेणं, पण ह्यात बुद्ध कुठं आहेत?" तोवर मंडळींपैकी निम्मेअधिक लोक बाहेर व्हरांड्यात गेले होते. तेथील भिंतीवर बुद्धमूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांच्यासमोर मेणबत्त्या लागल्या, फुले वाहिली गेली, छायाचित्रेही निघाली. ज्या स्तूपासाठी तो सारा डोंगर पोखरला गेला, तो मात्र आत एकटाच राहिला.

उपासिकेचा प्रश्न भाबडा नव्हता. ज्या काळी हे चैत्यगृह खोदले गेले त्या काळी तो कोणाच्या मनातही आला नसता. मग तो आज का येतो? डोळे तेच असताना दृष्टी बदलते ती कशाने? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार करण्याचे योजिले आहे.

चित्र मनावर काय परिणाम करते, हा विषय पालि साहित्याला नवा नाही. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात भगवंतांनी भिक्खूंना 'चरण' नावाच्या चित्राचा दाखला दिला आहे. ते चित्र चित्ताने कल्पिलेले आहे आणि चित्त त्या चित्राहूनही अधिक विचित्र, म्हणजे अधिक विविधरंगी आहे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हे 'चरण' म्हणजे काय, ह्याचा खुलासा अट्ठकथा करते. काही ब्राह्मण सुगती-दुगतीची चित्रे रंगविलेला पट घेऊन गावोगाव हिंडत. अमुक कर्म केले असता अमुक फळ मिळते, असे लोकांना दाखवीत. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी चित्रांची पोथी उलगडीत कथा सांगतात, ती ह्याच जातीची कला होय. तिचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. फिरते चित्र दाखवून लोकांची मने घडविण्याचा उद्योग बुद्धकाळीही चालू होता आणि तथागतांची दृष्टी त्या चित्रावर न थांबता ते कल्पिणाऱ्या चित्तापर्यंत गेली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्याच वग्गातील वक्कलिसुत्त प्रसिद्ध आहे. आजारी वक्कली थेर भगवंतांच्या दर्शनासाठी तळमळत होते. ह्या नाशवंत देहाला पाहून काय मिळणार, जो धम्म पाहतो तोच मला पाहतो, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. दुसरीकडे कालिंगबोधि जातकाची प्रस्तावना पाहावी. भगवंत चारिकेवर गेले असता जेतवनात फुले घेऊन येणाऱ्या लोकांना ती वाहण्यास स्थान उरत नसे. तेव्हा आनंदांच्या विचारण्यावरून तीन प्रकारची चैत्ये सांगितली गेली : शरीरधातूंचे, वापरातील वस्तूंचे आणि उद्देशून केलेले. ह्यांपैकी तिसऱ्या प्रकाराला वस्तूचा आधार नसून ते केवळ मनावर अवलंबून असते, असे तेथे म्हटले आहे. म्हणून जेतवनाच्या दारी बोधिवृक्ष लावण्यात आला. श्रद्धेला काहीतरी दृश्य आधार लागतो, हे ह्या कथेला मान्य आहे; परंतु त्या आधारातील अर्थ पाहणाऱ्याच्या मनातून येतो, ह्याची जाणीवही ती देते.

ही जाणीव दगडात कशी उतरली, हे पाहण्यास पनवेलकरांना फार दूर जावे लागत नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरून पुण्याची वाट धरीत असे. कोकणातील बंदरे आणि घाटमाथा जोडणाऱ्या वाटांचा इतिहास मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. ह्या वाटांच्या आसपासच कोंडाणे, भाजे व कार्ले ही लेणी उभी आहेत. कर्जतजवळच्या कोंडाण्याला कण्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे. म्हणजे कारागिराचे नाव कोरले गेले, पण बुद्धाची मूर्ती कोरली गेली नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या भाज्याच्या चैत्यगृहातही पूजास्थान स्तूपच आहे. कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले. ते सुमारे १२४ फूट लांब असून त्यात ३७ खांब आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचे यवन यांची नावे तेथील दानलेखांत आढळतात. स्तूपावरचे लाकडी छत्र आजही टिकून आहे. दारातून आत येणारा प्रकाश नालाकृती गवाक्षातून स्तूपावर पडावा, खांबांच्या दोन रांगांनी नजर तेथवर न्यावी आणि प्रदक्षिणेने पावलांनीही त्याच्याभोवती फिरावे, अशी ही रचना आहे. दान देणाऱ्या त्या लोकांना बुद्ध कोठे आहेत असे विचारावे लागले नाही. ते त्यांच्यासमोर होते.

आरंभीच्या शिल्पांत बुद्धाचे मानवी रूप का आढळत नाही, ह्यावर विद्वानांत मोठा वाद झालेला आहे. फ्रेंच पंडित फूशे यांच्या मते बोधिवृक्ष, रिकामे आसन, पदचिन्हे ही बुद्धाच्या जागी योजलेली प्रतीके होत. १९९० मध्ये सुसान हंटिंग्टन यांनी ह्या मतास आव्हान दिले. अशा अनेक शिल्पांत बुद्धचरित्रातील प्रसंग नसून पवित्र स्थळांची उपासकांनी केलेली पूजाच दाखविली आहे, असे त्यांचे म्हणणे. लगेच पुढील वर्षी विद्या दहेजिया यांनी एकाच चिन्हात एकाहून अधिक अर्थ एकत्र नांदू शकतात, असे प्रतिपादन केले. भाज्याच्या विहारातील रथारूढ आणि गजारूढ आकृतींचेही असेच झाले. कोणी त्यांत सूर्य व इंद्र पाहिले, तर कोणी मांधाता राजाची कथा वाचली. दगड एकच, पाहणारे विद्वान. तरीही दिसणे वेगवेगळे. मग सामान्य उपासकाला दोष का द्यावा?

पुढे पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर जुन्या मिथुनशिल्पांच्या शेजारी मोकळ्या जागी बुद्धमूर्ती कोरण्यात आल्या. कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात दोन प्रचंड उभ्या बुद्धमूर्ती घडविल्या गेल्या. आतला स्तूप कोणी काढला नाही. परंतु आत शिरण्यापूर्वीच येणाऱ्याची नजर बाहेरच्या मूर्तीवर ठरू लागली. आमच्या मते चैत्यगृहाच्या इतिहासातील हा फार मोठा बदल होय. पूर्वी उपासक स्तूपाकडे पाहून तथागतांचे स्मरण करी. आता मूर्ती पाहून तो स्तूपाकडे जाऊ लागला.

भिक्खुसंघ ह्या लेण्यांतून नाहीसा झाल्यावर स्तूपाचा अर्थ सांगणारेच उरले नाहीत. अर्थ हरपला की रिकाम्या जागी दुसरे चित्र येऊन बसते. नाशिकच्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणू लागले, कारण महाभारताच्या कथा मनात होत्या आणि त्रिरश्मी पर्वताचे जुने नाव विसरले गेले होते. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज गणपती आला. कार्ल्याला चैत्याच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. पनवेल-उरण भागातील आगरी-कोळी समाज चैत्रात मोठ्या श्रद्धेने त्या डोंगरावर जातो. ह्या श्रद्धेचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. एकाच पायऱ्या चढून दोन समाज दोन निरनिराळ्या गोष्टी पाहतात, एवढेच येथे नोंदवायचे आहे. दशावताराच्या चित्रांतही हेच घडले. महाराष्ट्रातील जुन्या छापील पंचांगांत नवव्या अवताराच्या जागी विठ्ठलाचे चित्र आढळते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' ह्या ग्रंथात ह्या समन्वयाचा साक्षेपाने विचार केला आहे. मराठी माणसाने 'बुद्ध' हा शब्द वाचला तरी त्याच्या डोळ्यांपुढे कटीवर कर ठेवलेली मूर्ती उभी राहावी, एवढे सामर्थ्य त्या लहानशा चित्रात होते.

छपाईच्या यंत्राने हे सामर्थ्य अनेक पटींनी वाढविले. योगायोग असा की, त्या यंत्राचे एक मोठे केंद्र भाजे-कार्ल्याच्या पायथ्याशीच होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछपाईचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्यानजीक मळवली येथे नेण्यात आला आणि श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथून लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची रंगीत चित्रे देशभर गेली. देवी कशी दिसते, साडी कशी नेसते, कमळात कशी उभी राहते, हे घरोघरी ठरून गेले. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची मनाई होती, त्यांच्याही भिंतीवर काही आण्यांत देव आला. मंदिरप्रवेश नाकारणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. परंतु ह्या चित्राने आणखीही एक गोष्ट शिकविली. पूज्य वस्तूला चेहरा असतो, ती आपल्याकडे पाहत असते आणि हात जोडून तिच्याकडे काहीतरी मागायचे असते, ही सवय डोळ्यांना तेथून अधिकच घट्ट जडली. त्या छापखान्यातून डोंगरावरचा बिनचेहऱ्याचा स्तूप काही घरोघर गेला नाही.

मळवलीहून त्याच लोहमार्गाने पुण्याकडे काही स्थानके पुढे गेले की देहूरोड लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते तेथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. पंढरपूरची मूर्ती ही मुळात बुद्धाची होय, असे मत त्यांनी त्या वेळी मांडले. ह्या मताच्या ऐतिहासिक पुराव्याची चर्चा हा स्वतंत्र विषय आहे. येथे महत्त्वाचे आहे ते हे की, पंचांगातील चित्राने बुद्धाला विठ्ठल करून टाकले होते आणि बाबासाहेबांनी तेच चित्र उलट बाजूने पाहावयास शिकविले. दोन वर्षांच्या आतच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांनी जुन्या देवांची उपासना सोडावयास सांगितले आणि लोकांनी घरातील देव बाहेर काढले.

आमच्या घरातील वडीलधारी मंडळी ह्याविषयी एक आठवण सांगत. आजोबांनी भिंतीवरच्या तसबिरीतून देवीचे चित्र काढले आणि त्याच चौकटीत बुद्धाचे चित्र बसविले. नवी चौकट घेण्यास पैसे नव्हते. खिळा तोच, काच तीच, चौकट तीच. आतले चित्र बदलले. पुढे शेजारी निळ्या कोटातील बाबासाहेबांची तसबीर आली. पनवेल परिसरातील कोणत्याही बौद्ध घरात आज ही जोडी दिसते. ज्या समाजाला आपला चेहरा भिंतीवर लावण्याजोगा आहे असे कोणी कधी सांगितले नव्हते, त्याच्या मुलांनी रोज सकाळी हातात पुस्तक घेतलेला आपला माणूस पाहिला. त्याने त्यांची मान ताठ झाली. चित्राचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण चौकट तीच राहिली की तिच्यासमोर उभे राहण्याची रीतही तीच राहण्याचा धोका असतो. उदबत्ती ओवाळणे, परीक्षेच्या दिवशी तसबिरीला पाया पडून गुण मागणे, मूर्ती जितकी मोठी तितकी श्रद्धा मोठी असे मानणे, ह्या गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत घडत आहेत. उघड्या डोळ्यांच्या बुद्धाचे चित्र अनेक घरांत आढळते आणि त्याचा संबंध बाबासाहेबांच्या कुंचल्याशी सांगितला जातो. त्या उघड्या डोळ्यांचा अर्थ जगाच्या दुःखाकडे पाहणे असा आहे. आपण मात्र ते डोळे पाहतो आणि ते कोठे पाहत आहेत ते पाहावयाचे विसरतो. आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. दिवसाकाठी बुद्धाची कितीतरी चित्रे त्यावर येतात. ती सर्व सुंदर असतात. परंतु त्यांनी घडविलेली नजर कार्ल्यासारख्या स्थळी गेली की चेहरा शोधते आणि तो न सापडल्यास बाहेर निघून जाते.

ह्यात केवळ श्रद्धेचाच प्रश्न नाही, वारशाचाही आहे. रायगड आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरांत अशी कितीतरी लहान लेणी आहेत की ज्यांत एकही मूर्ती नाही. असते ती एखादी कोठडी, दगडी बाक, पाण्याचे पोढे, फार तर झिजलेला स्तूप. मूर्तीच म्हणजे बुद्ध अशी समजूत झालेल्या माणसाला ती ओसाड कपार वाटते. जे ओळखता येत नाही त्याचे रक्षण कोणी करीत नाही. स्तूपाचा अर्थ एकदा विसरला तेव्हा काय झाले, हे आपण वर पाहिलेच आहे.

त्या दिवशी उपासिकेला आम्ही दीर्घ उत्तर दिले नाही. तिला सोबत घेऊन स्तूपाभोवती तीन प्रदक्षिणा केल्या. मागच्या बाजूस सात साधे अष्टकोनी खांब आहेत. तेथे उजेड कमी असतो आणि पाहण्यासारखे शिल्प एकही नाही. तेथे आम्ही तिला एवढेच सांगितले की, हे ज्यांनी कोरले त्यांच्यासमोरही चेहरा नव्हता. भगवंतांनी सांगितलेले आठवीत ते असेच फिरत. ती काही बोलली नाही. तिसऱ्या फेरीनंतर तिने पिशवीतील उरलेली फुले काढली आणि स्तूपाच्या पायाशी ठेवली.

विहारातून लेण्यांच्या सहली काढणाऱ्या मंडळींना आमची विनंती आहे की, व्हरांड्यातील मूर्तींना वंदन जरूर करावे. पण प्रथम आत जावे, थोडा वेळ स्तूपासमोर शांत बसावे आणि मुलांना तेथेच विचारावे, ह्यात बुद्ध कोठे आहेत? उत्तर शोधण्यास त्यांना वेळ द्यावा.