जनावरांची गाडी अडवण्याचा अधिकार कोणाला?

सुपा हे पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचे गाव. घोडेगाव, काष्टी, लोणी येथील बाजारांमुळे गाई-म्हशी, बैल, शेळ्या नेणारी वाहने जिल्ह्यातल्या रस्त्यांवर नेहमीची आहेत. पारनेर तालुक्यात काम करताना आम्हाला वारंवार विचारले जाते: टोळक्याने अशी गाडी अडवून तपासली, तर ते कायद्याला धरून आहे का? उत्तर आहे, नाही. वाहतुकीत नियमभंग असला तरी त्याची तपासणी जमावाने करायची नसते.

झडती कोण घेऊ शकतो?

महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. कत्तलीसाठी त्यांची खरेदी-विक्री करणे किंवा त्यांना राज्याबाहेर नेणे हा गुन्हा असून शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. शेतीसाठी वा दुधासाठी जनावर विकणे, नेणे हा गुन्हा नाही. म्हशीच्या कत्तलीवर सरसकट बंदी नाही, त्यासाठी प्रमाणपत्र लागते.

वाहन थांबवून झडती घेण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम ८ ने उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आणि सरकारने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला दिला आहे. तसा दावा करणाऱ्याकडे लेखी आदेश मागावा. निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे, असे सांगणारे कलम ९ब मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले.

नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० पुढे केले जाते. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावे लागते. संशयावरून गाडी अडवणे, मारहाण, पैसे उकळणे, जनावरे परस्पर उतरवून नेणे यात बसत नाही.

अडवणाऱ्यांवर कोणती कलमे?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने २०२० मध्ये जनावरांच्या वाहनांना अडथळा करण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, पण भारतीय न्याय संहिता आहे. बेकायदा अटकाव (कलम १२६), खंडणी (३०८), जबरी चोरी (३०९), पाच किंवा अधिक जणांनी केल्यास दरोडा (३१०). जात, समुदाय, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून पाच वा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाला कलम १०३(२) प्रमाणे जन्मठेप किंवा फाशी आहे.

जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी परिसरात अशा दोन घटनांत दोघांचे जीव गेले. त्याआधीच, जुलै २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, तातडीने गुन्हा नोंद आणि नुकसानभरपाई योजना यांचे आदेश दिले होते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसांवरही कारवाई व्हावी, असे न्यायालयाने बजावले.

वाहतूक करणाऱ्याने काय पाळावे?

करुणा जनावरांच्या वाट्यालाही यायला हवी. १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार जनावर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत. सोबत चारापाण्याची सोय हवी. बाजार समितीची पावती जवळ ठेवावी. कोंबून नेल्यास गुन्हा दाखल होतो, जनावरे गोशाळेत जाऊ शकतात आणि खर्च मालकावर पडू शकतो.

आपल्या समाजाचा संबंध काय?

दोन शेळ्या किंवा एक म्हैस हीच अनेक भूमिहीन कुटुंबांची बँक आहे. गाड्या अडवल्या जातात म्हणून व्यापारी आला नाही, तर भाव पडतो आणि पोराची फी थकते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी मारले. २०१८ मध्ये त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. अनुसूचित जातीतून आलेले बौद्ध १९९० पासून केंद्राच्या आदेशानुसारही अनुसूचित जातीतच गणले जातात. म्हणून अशा हल्ल्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम लावण्याचा आग्रह धरावा.

गाडी अडवली गेल्यास हुज्जत न घालता ११२ वर फोन करावा, अडवणाऱ्यांच्या वाहनांचे क्रमांक टिपून ठेवावेत. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. नोंदवून घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि तरीही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. ही माहिती आपल्या वस्तीतल्या टेम्पोचालकांपर्यंत पोहोचवा, ही आमची विनंती.