विमानतळ-रेल्वे : भांडवल खासगी, जोखीम कोणाची?

खासगी भांडवलावर उभी राहिलेली विमानतळ-रेल्वे यशस्वी झाली की फसली, हे ठरवण्यापूर्वी यश कोणाचे ते ठरवावे लागते. भांडवलदाराला परतावा हवा असतो, प्रवाशाला रास्त भाडे, आणि सरकारला तिजोरीला फारसा हात न लावता रस्त्यावरची गर्दी कमी करायची असते. या तीन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. परताव्यासाठी भाडे चढे ठेवले की बॅगा घेऊन निघालेले चौघांचे कुटुंब सरळ टॅक्सी करते.

लंडनची हीथ्रो एक्सप्रेस जून १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. शहरातल्या पॅडिंग्टन स्थानकाहून पंधरा मिनिटांत विमानतळ. बांधकामात, ऑक्टोबर १९९४ मध्ये, बोगदा कोसळला. तरीही प्रकल्प तगला, कारण पैसा घालणारी बीएए ही विमानतळाचीच मालक होती. विमान कंपन्यांकडून घ्यायचे शुल्क ज्या मालमत्तेच्या आधारे ठरते, तिच्यात ही गुंतवणूकही धरली गेली. म्हणजे रेल्वेची जोखीम केवळ तिकीट खिडकीवर नव्हती. पुढे याच मार्गावरून धावणाऱ्या एलिझाबेथ लाइन या शहरी रेल्वेच्या गाड्यांकडून जुना बांधकाम खर्च वसूल करण्याचा विमानतळाचा दावा २०१७ मध्ये उच्च न्यायालयात टिकला नाही. २०२२ पासून ती स्वस्त गाडी प्रवाशाला थेट शहराच्या पोटात नेते.

स्टॉकहोमची आर्लांडा एक्सप्रेस (१९९९) तगली, पण तिथे सरकारनेही पैसा घातला होता आणि करारही कंपनीच्या बाजूचा होता. २०१२ पासून उपनगरी गाड्या विमानतळावर येऊ लागल्या, तरी त्यांच्या प्रवाशालाही तिथल्या स्थानकाचे वेगळे शुल्क भरावे लागते. ब्रिस्बेनच्या एअरट्रेनला (२००१) तर स्पर्धक सार्वजनिक बसपासून करारानेच संरक्षण मिळाले. अशा संरक्षणावर मिळवलेल्या यशाला मी अर्धेच गुण देईन.

सिडनीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. ऑलिंपिकच्या तोंडावर, मे २००० मध्ये, मार्ग सुरू झाला. बोगदा आणि रूळ सरकारच्या पैशातून, चार स्थानके खासगी कंपनीची, आणि गाड्या सरकारी उपनगरी सेवेच्याच. त्या दुमजली गाड्यांत मोठी बॅग घेऊन चढणाऱ्याला जिन्याने वर किंवा खाली जाता येत नाही. तो दाराजवळच अडकून उभा राहतो. त्यात नेहमीच्या भाड्यावर स्थानक शुल्क वेगळे. रोज सुमारे ४८,००० प्रवासी मिळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात आले त्याच्या जेमतेम चौथाई. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनी धनकोंच्या प्रशासकाकडे गेली. चारपैकी ग्रीन स्क्वेअर आणि मॅस्कॉट ही स्थानके तर आसपास राहणाऱ्यांची, त्यांचा विमानाशी काय संबंध? मार्च २०११ मध्ये त्यांचे शुल्क सरकारने स्वतः भरायला घेतले आणि तिथली गर्दी झपाट्याने वाढली. विमानतळाच्या दोन स्थानकांवर मात्र शुल्क कायम आहे, आणि त्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा आता सरकारकडेच जातो. मग ते उठवायची घाई कोणाला असणार?

दिल्लीत जोखमीची वाटणीच विस्कटली. उन्नत मार्ग आणि बोगदे दिल्ली मेट्रोचे. रूळ, गाड्या आणि संचालन रिलायन्स इन्फ्राच्या कंपनीचे. फेब्रुवारी २०११ मध्ये गाडी धावली. जुलै २०१२ मध्ये पुलाच्या बेअरिंगमधील दोषांमुळे ती थांबली. जानेवारी २०१३ मध्ये कमी वेगाने पुन्हा सुरू झाली, आणि १ जुलै २०१३ पासून मेट्रो महामंडळानेच ती हाती घेतली. दोष कोणाचा, यावर लवाद बसला. २०१७ मध्ये कंपनीच्या बाजूने सुमारे २,८०० कोटींचा निवाडा झाला, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि एप्रिल २०२४ मध्ये उपचारात्मक याचिकेवर त्याच न्यायालयाने तो रद्द केला. दरम्यान, २०१५ मध्ये मेट्रोने भाडे उतरवले आणि प्रवासी वाढले. मार्ग तोच होता; फक्त परताव्याचा ताण तिकिटावरून उतरला.

मुंबईत मेट्रो ३ ने दोन्ही टर्मिनल शहराच्या नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या भाड्यात घेतली, तीही सरकारी पैसा आणि जपानी कर्जावर. मुंबई आणि नवी मुंबई विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ मात्र खासगी भागीदारीतून करण्याचा विचार आहे. प्रवासी कमी पडले तर तूट कोण सोसणार आणि मधल्या स्थानकांचे भाडे कोण ठरवणार, ही दोन कलमे निविदा निघण्याआधी लोकांसमोर आली पाहिजेत.