उत्क्रांतिशिक्षण आणि जाहीर वादसभा

उत्क्रांतीच्या अध्यापनास विरोध करणाऱ्यांशी शास्त्रज्ञांनी जाहीर वादसभेत उतरावे की नाही, हा विज्ञानशिक्षणातील दीर्घकाळ चाललेला मतभेदाचा विषय आहे. उत्क्रांती घडली की नाही याविषयी जीवशास्त्रज्ञांत वाद नाही. मतभेद आहे तो विरोधकांना उत्तर देण्याच्या मार्गाविषयी. भारतात हा प्रश्न २०१८ मध्ये महाराष्ट्रातील एका वक्तव्यामुळे पुढे आला. उत्क्रांतीच्या अभ्यासास उपयोगी ठरलेले महत्त्वाचे जीवाश्म चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत सापडले आहेत.

पूर्वपीठिका

महाराष्ट्राला जाहीर वादसभा नवीन नाहीत. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी केलेला धर्मविषयक वाद प्रसिद्ध आहे. उत्क्रांतीवरील सर्वाधिक चर्चिलेला वाद १८६० मध्ये ऑक्सफर्ड येथे थॉमस हक्सले व बिशप विल्बरफोर्स यांच्यात झाला. जे. बी. एस. हाल्डेन यांनी भारतीय सनदी सेवेत काम केलेले पक्षी-अभ्यासक डग्लस डेवर यांच्याशी लेखी वाद केला; तो १९४९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले व कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले.

२०१८ मधील वाद

जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे मत मांडले. वानराचा माणूस होताना पूर्वजांपैकी कोणीही पाहिल्याचे सांगितलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विषयावर आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरवण्याची तयारीही त्यांनी दर्शवली.

देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून सिंह यांचे म्हणणे शास्त्रीय आधार नसलेले ठरवले. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांविषयी शास्त्रीय वाद नाही व हा विषय अभ्यासक्रमातून वगळणे मागे नेणारे ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी असे चर्चासत्र घेण्याची योजना नसल्याचे स्पष्ट केले. अशा रीतीने वादसभा झाली नाही; उत्तर लेखी निवेदनाद्वारे दिले गेले.

वादसभेविषयीची मते

वादसभेस विरोध करणाऱ्यांच्या मते एकाच मंचावर बसल्याने दोन्ही बाजू शास्त्रीयदृष्ट्या तुल्यबळ असल्याचा आभास निर्माण होतो. काही मिनिटांत अनेक आक्षेप घेता येतात, मात्र प्रत्येकाचे साधार उत्तर देण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे निर्णय पुराव्याऐवजी वक्तृत्वावर ठरतो. स्टीफन जे गूल्ड व रिचर्ड डॉकिन्स यांनी याच कारणास्तव अशा सभा टाळण्याचा पुरस्कार केला.

अनुकूल मत असणाऱ्यांच्या मते नकाराचा अर्थ 'उत्तर नाही' असा लावला जातो व कुंपणावरचा श्रोता विरोधकांच्याच हाती राहतो. २०१४ मध्ये अमेरिकेत बिल नाय यांनी केन हॅम यांच्याशी अशी वादसभा केली.

न्यायालयीन साक्ष हा निराळा मार्ग मानला जातो. २००५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्याच्या शिक्षणमंडळाच्या सुनावणीवर बहिष्कार घातला. त्याच वर्षी डोव्हर खटल्यात मात्र त्यांनी साक्ष दिली. तेथे उलटतपासणी व पुराव्याचे नियम लागू होते.

चंद्रपूर व गडचिरोलीतील पुरावे

शास्त्रीय मतभेद सभेत नव्हे, तर नमुन्यांच्या अभ्यासातून कसे सुटतात, याची उदाहरणे या प्रदेशात आढळतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातील जीवाश्म जमवले. त्यांपैकी मांगली येथील उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. हेच ओवेन पुढे डार्विनचे टीकाकार झाले.

सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली परिसरात सापडलेल्या बारापासॉरस टागोराय या ज्युरासिक काळातील डायनोसॉरचे वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. याच तालुक्यातील कोटा गावावरून नाव पडलेल्या शैलसमूहातील एका आद्य सस्तन प्राण्यास हाल्डेन यांच्या स्मरणार्थ कोटाथेरियम हाल्डेनाय असे नाव देण्यात आले. वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथील विष्ठाश्मांत गवताच्या पेशींतील सिलिकाकण आढळले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनामुळे डायनोसॉरांच्या काळातच गवते अस्तित्वात होती व त्यांत विविधता आली होती, हे स्पष्ट झाले.

अभ्यासक्रमावरील परिणाम

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) कोविडकाळातील भार कमी करण्याच्या कारणाने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ च्या पाठ्यपुस्तकातूनही तो गाळला गेला. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी खुल्या पत्राद्वारे निषेध नोंदवला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे. मात्र दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळासाठी २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ या पुस्तकाचा पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे.