कर्जामागून येणारे संरक्षण : सोलापूर परिसरातील शेती, घर आणि माग यांच्या विम्याचा इतिहास

प्रास्ताविक

सोलापूर जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात दुष्काळ, सावकारी आणि माग या तीन विषयांवर विपुल लेखन झाले आहे. विमा हा विषय मात्र बहुधा वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकाकडे सोपवला जातो आणि तेथे तो व्याख्या व तत्त्वे यांपुरता उरतो. वास्तविक पाहता विम्याची निवड हा इतिहासाचा विषय आहे. कारण शेतकऱ्याने किंवा मागवाल्याने कोणते संरक्षण घ्यावे, याचा निर्णय फार थोड्या वेळा त्याचा स्वतःचा होता. तो सरकारने, बँकेने किंवा विमा कंपनीने आधीच घेतलेला असे. भवानी पेठेतील विणकराचे घर आणि तालुक्यातील जिरायत शेत ही दोन उदाहरणे समोर ठेवून प्रस्तुत लेखात एकच प्रश्न तपासला आहे : संकट आले असता नुकसान कोणाचे मोजले गेले?

विम्यापूर्वीची व्यवस्था

विमा नव्हता तेव्हा संरक्षणच नव्हते असे म्हणणे चुकीचे ठरेल. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतील ज्वारी पेवात साठवणे, ज्वारीच्या पाट्यात करडई घेणे, दोनऐवजी तीन जनावरे राखणे हे सारे जोखीम विभागण्याचेच उपाय होते. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे खुली केल्याची आख्यायिका याच मंगळवेढ्याची. ती इतकी टिकली याचे एक कारण असे असावे, की लोकमानसात संरक्षण म्हणजे खुले झालेले कोठार; त्यासाठी आधी काही भरावे लागते ही कल्पना त्यात बसत नाही.

१८७६-७७ च्या दुष्काळाने ही घरगुती व्यवस्था मोडली. सोलापूरजवळचा एकरूक तलाव त्यापूर्वीच बांधून झाला होता; परंतु त्याचे पाणी पोहोचे तेवढ्याच शिवाराला त्याचा आधार. त्या आधीच्या वर्षी, १८७५ मध्ये, पुणे व अहमदनगर भागात सावकारांविरुद्ध दंगे झाले होते. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पाठोपाठ १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईला नवा आधार दिला. तगाई ही मदत मानली गेली, तरी ती परत करावयाची होती. पीक बुडालेल्या शेतकऱ्याचे नुकसान तगाईने भरून निघत नसे, ते पुढच्या हंगामावर ढकलले जाई. संरक्षण आणि कर्ज यांची गाठ येथे प्रथम पडली व ती पुढे सुटली नाही.

दुष्काळाचा दुसरा बळी विणकर होता. शेतकऱ्याच्या घरात धान्य नसले की लुगड्याची खरेदी थांबते. दुष्काळी कामावर खडी फोडण्याऐवजी विणकराला त्याच्या मागावरच काम द्यावे, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत पुढे आला आणि सोलापुरात तो अमलातही आला. विणकराचा माग शाबूत असतो, हात शाबूत असतात. बुडालेले असते ते गिऱ्हाईक. हे त्या वेळच्या प्रशासनाला उमगले होते, ही नोंद पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

चक्रवर्ती ते दांडेकर

पीकविम्याची भारतीय परिस्थितीला अनुसरून पहिली तपशीलवार मांडणी १९२० मध्ये म्हैसूरचे जे. एस. चक्रवर्ती यांनी केली. प्रत्येक शेतात जाऊन नुकसान मोजणे अशक्य आहे, म्हणून त्या भागात पडलेल्या पावसाच्या मापावर भरपाई ठरवावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. तो कागदावरच राहिला. त्या काळात सोलापूरच्या शेतीला संरक्षण मिळाले ते वेगळ्या दिशेने. १९३३ पासून सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि मोहोळच्या केंद्रातून निवडलेला मालदांडी ज्वारीचा वाण कमी ओलाव्यावर तग धरून राहिला. त्याला हप्ता नव्हता.

सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७२ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमासंस्था चार कंपन्यांत विलीन झाल्या. नेमके तेच वर्ष महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे. सोलापूर जिल्ह्यातील हजारो कुटुंबे त्या वर्षी जगली ती खडीच्या, बंडिंगच्या व पाझर तलावांच्या कामांवर, विम्यावर नव्हे. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजनेचा कायदा आला. त्याच हंगामात गुजरातेत संकरित कापसासाठी वैयक्तिक स्वरूपाचा पीकविमा सुरू झाला आणि नंतर महाराष्ट्रासह अन्य काही राज्यांत नेण्यात आला. १९७८-७९ पर्यंत त्यात केवळ ३,११० शेतकरी आले, हप्ता ४.५४ लाख रुपये जमला आणि भरपाई ३७.८८ लाख रुपये द्यावी लागली. शेताशेताचे नुकसान मोजणारा विमा कंपनीला परवडत नाही, हा धडा त्यातून घेतला गेला.

यावर तोड सुचवली ती पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी. १९७६ मध्ये त्यांनी क्षेत्राधारित विम्याची कल्पना मांडली. समान हवामानाचे एक क्षेत्र घ्यावे, तेथे पीककापणी प्रयोग करावेत आणि क्षेत्राचे सरासरी उत्पादन ठरलेल्या पातळीखाली गेले तर सर्व विमाधारकांना समान दराने भरपाई द्यावी. त्यामुळे खोटे दावे टळतात आणि निष्काळजीपणालाही उत्तेजन मिळत नाही. ही कल्पना तर्कशुद्ध होती, हे मान्य केले पाहिजे. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना, १९९९-२००० च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना या सर्वांचा पाया तोच आहे. परंतु या पद्धतीत शेतकऱ्याने खरेदी केलेली वस्तू म्हणजे त्याच्या पिकाचा विमा नसून त्याच्या महसूल मंडळाच्या सरासरीचा विमा असतो, हे त्याला क्वचितच सांगितले गेले.

उदाहरणादाखल असे समजू, की एखाद्या मंडळात पिकाचे सरासरी उत्पादन हेक्टरी ८ क्विंटल आहे. ७० टक्के जोखीमस्तर धरल्यास उंबरठा उत्पादन ५.६ क्विंटल होते. यंदा मंडळाचे उत्पादन ४.२ क्विंटल आले तर तूट २५ टक्के. ३०,००० रुपयांच्या विमा संरक्षित रकमेवर भरपाई ७,५०० रुपये. ज्याच्या शेतात काहीच उगवले नाही त्यालाही ७,५०० आणि ज्याला ७ क्विंटल मिळाले त्यालाही तेवढेच. शिवाय मागील वर्षांच्या उत्पादनावरून सरासरी काढली जात असल्याने, वारंवार दुष्काळ पडणाऱ्या तालुक्याचा उंबरठाच खाली येतो. सांगोला, मंगळवेढा यांसारख्या तालुक्यांच्या बाबतीत हा दोष किरकोळ नाही. महसूल खात्याची पैसेवारी वेगळी आणि पीककापणी प्रयोगाचा आकडा वेगळा. एकाच गावाची पैसेवारी पन्नासच्या आत असूनही विमा न मिळणे यामुळे शक्य होते.

कर्ज आणि संरक्षित रक्कम

१९८५ च्या योजनेत संरक्षण मिळे ते पीककर्ज घेणाऱ्यालाच. संरक्षित रक्कम कर्जाशी बांधलेली होती. भरपाई कर्जखात्यात जमा होई. वस्तुतः त्या योजनेने शेतकऱ्याइतकाच, किंबहुना अधिकच, सहकारी बँकेच्या वसुलीचा विमा उतरवला. १९९९ नंतर बिगर कर्जदारांना प्रवेश मिळाला. तथापि कर्जदारांसाठी सक्ती कायम राहिली आणि ती खरीप २०२० मध्ये उठली. आजही संरक्षित रक्कम ठरते ती प्रति हेक्टर पीककर्जाच्या दराला धरून. सांगोल्याच्या डाळिंब उत्पादकाने बागेत प्रत्यक्ष किती गुंतवले, याचा त्या रकमेशी थेट संबंध नाही.

खरीप २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्याचा हिस्सा स्वतः उचलून एक रुपयात पीकविमा दिला. अर्जांची संख्या वाढली, तसेच बनावट अर्जांची प्रकरणेही उघडकीस आली. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत बंद झाली आणि खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के व नगदी पिकांना ५ टक्के हे दर पुन्हा लागू झाले. दर वाढल्याची चर्चा झाली. मात्र अधिक गंभीर बदल दुसराच होता. स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान आणि पेरणी न होणे या बाबींची भरपाई वगळून केवळ पीककापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवण्यात आली. पूर्वी गारपीट किंवा अतिवृष्टीची सूचना ७२ तासांत दिली तर वैयक्तिक पंचनाम्याची वाट मोकळी होती. ती बंद झाली.

त्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर २०२५ मध्ये, सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूर परिसरातील नदीकाठची शिवारे पाण्याखाली गेली. पूर नदीकाठच्या पट्ट्यात येतो आणि उत्पादन मोजले जाते संपूर्ण मंडळाचे. शिवाय अनेक ठिकाणी पिकाबरोबर मातीही वाहून गेली. पीकविमा पिकाचा असतो, मातीचा नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले; त्यात खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख रुपयांपर्यंतच्या कामांची तरतूद होती. ज्या प्रसंगासाठी विमा असतो त्या प्रसंगी पुन्हा शासकीय मदतीकडे पाहावे लागले. शेतकरी अपघात विम्याचा प्रवासही असाच आहे : २००५ च्या सुमारास सुरू झालेली ही विमा योजना २०२३ मध्ये सानुग्रह अनुदान योजनेत रूपांतरित झाली. विमा हा करारातून येणारा हक्क असतो, सानुग्रह अनुदान ही कृपा. व्यवहारात मात्र वारसाला कृपा अधिक सुलभ वाटावी, यावर विमाशास्त्राच्या अभ्यासकांनी विचार करावयास हवा.

घर आणि माग

ग्रामीण घराकडे विमाक्षेत्राने फार उशिरा पाहिले. १९८८ ची झोपडी विमा योजना झोपडीसाठी १,००० व सामानासाठी ५०० रुपये देई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या घरांची पुनर्बांधणी शासन, जागतिक बँक आणि देणगीदार यांच्या पैशांतून झाली. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांना विक्रीस ठेवणे बंधनकारक झाले. तीत आग, भूकंप, वादळ, पूर या जोखमी मूळ संरक्षणातच आहेत. घराची रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चावरून ठरवावयाची असते. जागेची किंमत त्यात धरावयाची नसते.

भवानी पेठेसारख्या विणकर वस्तीत मात्र अडचण वेगळी आहे. राहते घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतात. गृहविम्यात धंद्याचा माल येत नाही. सूत, तयार चादरी, टॉवेल आणि यंत्रमाग यांसाठी सूक्ष्म उद्योगाची, म्हणजे पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेची, स्वतंत्र पॉलिसी घ्यावी लागते. बहुतेक मागवाले ती बँकेने सांगितल्यावरच घेतात आणि ती कर्जाच्या रकमेइतकीच घेतात. येथे न्यूनविम्याचा नियम आड येतो. १० लाखांच्या मालाचा ५ लाखांचा विमा असेल आणि आगीत २ लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई १ लाखाचीच मिळते. १५ टक्क्यांपर्यंतची तफावत तेवढी माफ आहे. त्या भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. पीकविम्यात १९८५ ला जे घडले तेच येथे निराळ्या नावाने घडते.

आगीचा धोका काल्पनिक नाही. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. मालाचा विमा असला तरी तो माणसांचा नसतो. कामगारांसाठी नुकसानभरपाईच्या कायदेशीर दायित्वाचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि कामगार विम्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या लहान मागशाळांत तो सर्वात आधी वगळला जातो.

निवड करणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न यातून स्पष्ट होतात. मोजणी माझ्या नुकसानाची होणार की मंडळाच्या सरासरीची? रक्कम मालमत्तेवरून ठरली की कर्जावरून? वगळलेल्या जोखमी कोणत्या, आणि सूचना किती तासांत द्यावयाची? जनावरांच्या विम्यात कानातील बिल्ला हरवला तर दावा अडतो, इतकी साधी गोष्टही पुष्कळदा जनावर दगावल्यावरच कळते. एका प्रश्नाला मात्र बाजारातील सर्वसाधारण पॉलिसीत उत्तर नाही. उद्योग पॉलिसी आगीची, पुराची, भूकंपाची भरपाई देते. सीनाकाठचे पीक बुडाल्यामुळे दिवाळीत चादर विकली गेली नाही, तर मागवाल्याला दाखवण्यासारखे जळालेले किंवा भिजलेले काहीही नसते. त्या नुकसानासाठी सोलापुरात व्यवस्था झाली होती ती एकोणिसाव्या शतकातील दुष्काळात, विणकराला मागावर काम देण्याच्या रूपाने.